हात हलू द्या, बोट सांभाळा

नेमबाजीच्या रेंजवर नव्याने येणाऱ्यांच्या तोंडी एक तक्रार हमखास असते: "हात थरथरतो, नेम टिकत नाही." प्रशिक्षक मात्र हाताकडे न बघता बोटाकडे बघतो आणि म्हणतो, "ट्रिगर झटकतोयस." गोंधळाची सुरुवात इथून होते. झटकायचा नाही, तर मग दाबायचा कसा? हळू? किती हळू? ट्रिगर हलका करून घेतला तर? महागडं पिस्तूल घेतलं तर? घरी सराव करता येतो का, आणि केला तर शेजारी पोलिसांना बोलावतील का?

वसई, नालासोपारा, विरारमधून दप्तराबरोबर पिस्तुलाची केस सांभाळत दादरकडची लोकल पकडणाऱ्या नवोदितांना आणि त्यांच्या पालकांना हेच प्रश्न पडतात. १० मीटर एअर पिस्तूल हा बहुतेकांचा पहिला प्रकार, म्हणून इथे मुख्यतः त्याचीच चर्चा आहे.

थरथर फार नडत नाही

एअर पिस्तुलाच्या लक्ष्यावर दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटर व्यासाचं असतं. त्याबाहेरची प्रत्येक रिंग ८ मिलिमीटर रुंद. पेलेट साडेचार मिलिमीटरचं, आणि त्याची कड रेषेला नुसती शिवली तरी वरचा गुण मिळतो. म्हणजे पेलेटचा मध्य लक्ष्याच्या केंद्रापासून ८ मिलिमीटरच्या आत कुठेही पडला, तरी दहा गुण तुमचेच.

आता दोन चुका शेजारी ठेवून पाहा. पहिलीत तुमचा हात थरथरतो, पण नळीच्या टोकावरची फ्रंट साइट मागच्या रिअर साइटच्या खाचेत नीट बसलेली आहे. अख्खं पिस्तूल सरळ राहून ५ मिलिमीटर बाजूला सरकलं, तर पेलेटही ५ मिलिमीटरच बाजूला जातं. दहा मिळाले. दुसरीत हात जवळजवळ स्थिर आहे, पण ट्रिगरला झटका बसल्याने नळीचं तोंड वळलं आणि फ्रंट साइट खाचेच्या मध्यापासून फक्त १ मिलिमीटर ढळली. दोन्ही साइटमधलं अंतर ३३ सेंटिमीटर धरलं, तर १० मीटरवर ही चूक साधारण तीसपट होते. पेलेट केंद्रापासून ३० मिलिमीटरवर पडलं, म्हणजे मिळाले सात.

नवोदिताने हा हिशोब पाठच करावा. हात कोणाचाही पूर्ण स्थिर राहत नाही, जागतिक विजेत्यांचाही नाही. थरथर कमी व्हायला महिने, वर्षं लागतात आणि ती घाईने कमी करता येत नाही. ट्रिगरचा झटका मात्र काही आठवड्यांच्या नेमाने केलेल्या सरावात बराच आटोक्यात येतो. वेळ कुठे घालवायचा, हे यातच ठरतं.

बोट कुठे आणि कसं

- तर्जनीच्या पहिल्या पेराचा मांसल भाग, म्हणजे टोक आणि पहिला सांधा यांच्या मधली जागा, ट्रिगरवर टेकली पाहिजे. सांधा टेकला तर ओढ तिरकी जाते. नुसतं टोक टेकलं तर बोट ट्रिगरला बाजूला ढकलतं.
- बोटाचा उरलेला भाग ग्रिपला चिकटू नये. बोट आणि लाकूड यांत बारीक फट दिसली पाहिजे. ही फट नसेल तर बोट वाकताना ग्रिपलाही ढकलतं आणि नळी वळते.
- दाब नळीच्या रेषेत, थेट मागे जावा.
- बाकीच्या बोटांची पकड शॉटच्या सुरुवातीला जेवढी, तेवढीच शेवटी राहावी. तर्जनी आवळताना मधलं बोट आणि करंगळीही नकळत आवळतात. झटक्याचं सर्वांत मोठं कारण हेच, आणि बाहेरून ते चटकन दिसत नाही.

लहान मुलांच्या बाबतीत एक अडचण वारंवार येते. क्लबचं पिस्तूल अनेकांच्या हातातून फिरतं, त्याचं ग्रिप मोठं असतं आणि बारा-तेरा वर्षांच्या मुलाचं बोट ट्रिगरपर्यंत नीट पोचत नाही. मग तो मनगट वळवून पोचतो. अशा मुलाला "नीट दाब" असं शंभरदा सांगूनही उपयोग नाही. पालकांनी प्रशिक्षकाला दोन गोष्टी विचाराव्यात: लहान मापाचं ग्रिप मिळेल का, आणि ट्रिगरची पट्टी मागे सरकवता येईल का? स्पर्धेच्या बहुतेक पिस्तुलांत ती पुढेमागे होते. क्लबच्या ग्रिपला परस्पर पुट्टी लावू नका. उद्या त्याच पिस्तुलावर दुसऱ्याचा हात बसायचा असतो.

"आत्ता!" म्हणणारं मन

स्पर्धेच्या पिस्तुलाचा ट्रिगर बहुधा दोन टप्प्यांचा असतो. पहिल्या टप्प्यात तो थोडा मागे येतो आणि एका ठिकाणी अडतो. त्या अडणीवर आणखी थोडा दाब वाढला की शॉट सुटतो. नवोदित पहिला टप्पा घेतो, मग थांबतो. साइट काळ्या वर्तुळाखाली हेलकावत असते. ती मनासारख्या जागी आली की मन म्हणतं "आत्ता!", आणि बोट झडप घालतं.

यात दोन तोटे आहेत. डोळ्याने पाहून बोटाने हालचाल करायला सेकंदाचा साधारण पाचवा भाग जातो, आणि तेवढ्यात ते सुंदर चित्र निघून गेलेलं असतं. शिवाय झडपेने नळी वळते. म्हणजे चुकीच्या क्षणी, चुकीच्या दिशेने.

उपाय सांगायला सोपा, अंगवळणी पडायला चिवट. पिस्तूल लक्ष्याच्या वरून खाली आणताना पहिला टप्पा घेऊन टाका. साइट काळ्या वर्तुळाच्या खालच्या पांढऱ्या पट्ट्यात स्थिरावू लागली की नजर फ्रंट साइटवर ठेवा. लक्ष्य थोडं धूसर दिसलं तरी दिसू द्या. मग दाब एकसारखा वाढवत न्या. साइट हलते म्हणून दाब थांबवू नका. त्या पट्ट्यातल्या हालचालीला मुभा द्या, कारण वर पाहिल्याप्रमाणे ती दहाच्या आसपासच राहते. शॉट कधी सुटणार हे अंदाजाने कळलं तरी चालेल, पण नेमका क्षण ठरवायचा नाही.

सात-आठ सेकंदांत शॉट सुटला नाही तर पिस्तूल खाली घ्या. श्वास संपत येतो, नजर थकते आणि हात ढिला पडतो. इथे नवोदितांना वाटतं की पिस्तूल खाली घेणं म्हणजे हार. तसं अजिबात नाही. इलेक्ट्रॉनिक लक्ष्यांवर ६० शॉटसाठी ७५ मिनिटं मिळतात, शिवाय आधी तयारी आणि चाचणी शॉटसाठी १५ मिनिटं. म्हणजे एका शॉटला सव्वा मिनिट. दर शॉटला एकदा पिस्तूल खाली घेतलं तरी वेळ पुरतो.

शॉट सुटल्यावरही बोट लगेच सोडू नका. ट्रिगर मागे दाबलेलाच ठेवून साइटकडे एक-दोन सेकंद बघत राहा. मॉनिटर कुठे पळून जात नाही.

घरच्या घरी: ड्राय फायर

ट्रिगर सुधारतो तो मुख्यतः पेलेटशिवाय. त्यासाठी १० मीटर जागा लागत नाही. नालासोपाऱ्याच्या वन रूम किचनमध्येही कोरी भिंत मिळते, आणि तेवढी पुरते. अट एकच: पिस्तुलात ड्राय फायरची सोय हवी, म्हणजे हवा न सोडता फक्त ट्रिगर चालवता आला पाहिजे. साध्या स्प्रिंगच्या पिस्तुलात पेलेटशिवाय फायर केल्यास आतला पिस्टन खराब होतो. अशा पिस्तुलावर हा सराव नको.

सुरुवात करण्याआधी:

- पेलेटची डबी दुसऱ्या खोलीत ठेवा. पिस्तूल उघडून चेंबर रिकामं आहे हे डोळ्यांनी पाहा, घरात दुसरं कोणी असेल तर त्यालाही दाखवा.
- नळी फक्त भिंतीकडे. त्या भिंतीसमोरून कोणी ये-जा करणार नाही अशी जागा निवडा. दार किंवा खिडकीच्या दिशेने कधीच नाही.
- पडदे लावा. समोरच्या इमारतीतून पिस्तूल रोखलेला मुलगा दिसला तर शेजारी घाबरतील, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. सोसायटीच्या सचिवांना एकदा सांगून ठेवलेलं बरं.
- सराव संपला की चेंबर रिकामं असल्याचं दाखवणारा सेफ्टी फ्लॅग घाला आणि पिस्तूल कुलपात ठेवा. लहान भावंडांच्या हाताला लागेल अशा जागी ते क्षणभरही नको.

मग कोऱ्या भिंतीवर साइट धरा आणि दाब वाढवा. "टक्" आवाजाच्या क्षणी फ्रंट साइट खाचेत हलली का, एवढंच पाहायचं. भिंतीवर लक्ष्य नसल्याने "आत्ता!" म्हणायला मनाकडे काही उरत नाही, आणि सगळी नजर साइटवर राहते. पंधरा-वीस मिनिटं रोज पुरेत. आठवड्याला एकदा दीड तास घातला तर हात दुखतो आणि सवयही चुकीची लागते. अधूनमधून पाच-दहा वेळा डोळे मिटून फक्त दाब अनुभवा. पहिला टप्पा कुठे संपतो हे बोटाला न बघता कळलं पाहिजे. भिंतीवर जमलं की छोटं छापील लक्ष्य चिकटवा. लक्ष्य आल्यावर झटका परत आला, तर पुन्हा कोरी भिंत.

आणि हो, लोकलमध्ये नेमबाजीच्या हाताने कडी धरून तासभर लोंबकळू नका. विरारहून दादरपर्यंत आवळलेल्या पंजाचा थकवा रेंजवर पहिल्या वीस शॉटमध्ये हमखास दिसतो. दुसरा हात वापरा, आणि पोचल्यावर दहा मिनिटं हात सैल सोडून बसा.

रेंजवर काय वेगळं करायचं

वसई-विरारकरांना जवळ पडणाऱ्या जुन्या ठिकाणांत वरळीची महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आणि दादरला शिवाजी पार्कजवळच्या सावरकर स्मारकातला रायफल क्लब येतो. नवी मुंबईच्या बाजूला ऑलिंपियन सुमा शिरूर यांचा पनवेलचा लक्ष्य शूटिंग क्लब आहे. जाण्याआधी प्रवेश, वेळ आणि क्लबची पिस्तुलं नवोदितांना मिळतात का, याची फोनवर चौकशी करा. घराजवळच्या छोट्या क्लबात जाणार असाल तर राज्य संघटनेशी त्याची संलग्नता आहे का आणि प्रशिक्षकाकडे प्रमाणपत्र आहे का, हे विचारण्यात संकोच नको. फीची पावती मागा. मूल लहान असेल तर सराव पाहायला बसण्याची परवानगीही मागा. ती नाकारणारा क्लब दुसऱ्यासाठी राहू द्या.

रेंजवर वेळ महाग असतो, तेव्हा तो गुण मोजण्यात घालवू नका.

- कोरी बाजू: कागदी लक्ष्य उलटं लावा आणि दहा शॉट मारा. बघायचा तो छिद्रांचा पुंजका. पुंजका लहान पण बाजूला असेल तर साइटचा स्क्रू फिरवून तो मध्ये आणता येतो. पुंजका पसरलेला असेल तर कोणताही स्क्रू कामाचा नाही.
- आधी सांगा, मग बघा: शॉट सुटताच मॉनिटर न पाहता "उजवीकडे, नऊ" असं सांगा, मग तपासा. अंदाज वारंवार चुकत असेल तर शॉट सुटताना तुमची नजर साइटवर नव्हती.
- भरलेलं की रिकामं: प्रशिक्षक तुमच्या नकळत कधी पेलेट भरतो, कधी नाही, आणि पिस्तूल तुमच्या हाती देतो. रिकाम्या वेळी नळीने मारलेली डुबकी सगळ्यांना दिसते. हा प्रयोग फक्त प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली.

भिंतींवर लावलेले तक्ते तुम्ही पाहिले असतील: खाली डावीकडे गेला तर झटका, वर उजवीकडे गेला तर तळव्याचा धक्का, वगैरे. उजव्या हाताच्या नेमबाजाने ट्रिगर झटकला की शॉट बहुधा खाली डावीकडे जातो, इथवर तक्ता खरा. पण पायांची जागा चुकली, ग्रिप हातात फिरलं किंवा साइटच बिघडली, तरीही शॉट तिथेच जाऊ शकतो. एका शॉटवरून निदान करू नका. प्रशिक्षकाला लक्ष्याऐवजी तुमच्या बोटाकडे बघायला सांगा, किंवा बाजूने मोबाइलवर बोटाचं चित्रीकरण करून घ्या.

स्क्रूड्रायव्हर खाली ठेवा

"ट्रिगर जड आहे" ही तक्रार दुसऱ्या आठवड्यातच सुरू होते. नियमाने एअर पिस्तुलाच्या ट्रिगरचं वजन किमान ५०० ग्रॅम हवं. स्पर्धेआधीच्या तपासणीत नळी उभी धरून ट्रिगरला वजन अडकवतात आणि उचलून बघतात. वजन उचललं गेलं पाहिजे, ट्रिगर सुटता कामा नये. स्पर्धा संपल्यावरही काही जणांची अचानक तपासणी होते, आणि तिथे पिस्तूल नापास झालं तर स्पर्धक बाद होतो. म्हणून काटेकोर ५०० ऐवजी थोडं वर, ५१० ते ५२० च्या आसपास ठेवणं शहाणपणाचं.

पहिला आणि दुसरा टप्पा स्पष्ट वेगळे जाणवावेत आणि शॉट सुटल्यावर ट्रिगर फार मागे जाऊ नये, एवढं प्रशिक्षकाकडून एकदा बसवून घ्या. मग काही महिने हात लावू नका. दर रविवारी स्क्रू फिरवणाऱ्याच्या बोटाला नेमका कोणता ट्रिगर शिकायचा, हेच कळत नाही.

पिस्तूल घ्यायचं का?

पहिले काही महिने नको. क्लबचं वापरा. घ्यायची वेळ आली की हे बघा:

- ४.५ मिलिमीटर कॅलिबरच्या आणि २० ज्यूलच्या आतल्या एअर पिस्तुलाला शस्त्र परवाना लागत नाही. विक्रेता ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा मागतो, तो द्या. पिस्तुलाचा क्रमांक असलेलं पक्कं बिल घ्या.
- जुनं घेताना हवेच्या सिलिंडरवरची तारीख आधी वाचा. सिलिंडरची मुदत संपली असेल तर स्पर्धेत अडचण येते, आणि मुदत तपासण्याची जबाबदारी खेळाडूचीच.
- प्रवासात पिस्तूल बंद केसमध्ये, बिलाची प्रत आणि क्लबचं ओळखपत्र सोबत. स्थानकावर विचारणा झाली तर केस गर्दीत उघडू नका, पोलिसांसोबत बाजूला जाऊन दाखवा.
- इलेक्ट्रॉनिक ट्रिगर मोहात पाडतो. नवोदिताला त्याची गरज नाही. साधा यांत्रिक ट्रिगर दुरुस्तीला सोपा.

उपकरण दगा देऊ शकतं, मग खेळाडू कोणीही असो. टोकियो ऑलिंपिकमध्ये १० मीटरच्या पात्रता फेरीत मनू भाकरच्या पिस्तुलाचा कॉकिंग लिव्हर तुटला. दुरुस्तीत गेलेला वेळ भरून मिळाला नाही. ती ५७५ गुणांसह बाराव्या स्थानी राहिली आणि अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. पॅरिसला २०२४ मध्ये तिने याच प्रकारात २२१.७ गुणांनी कांस्यपदक घेतलं. तिथे दक्षिण कोरियाच्या किम ये-जीपेक्षा ती ०.१ ने मागे पडली. लक्ष्यावर ०.१ गुण म्हणजे ०.८ मिलिमीटर.

स्पर्धेच्या दिवशी

शालेय स्पर्धांची चौकशी शाळेच्या क्रीडाशिक्षकांमार्फत पालघरच्या जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात करा. खुल्या गटात वाट राज्य स्पर्धेतून पुढे जाते. वरळीच्या रेंजवर होणारी कॅप्टन इझिकेल स्मृती स्पर्धा राज्यातल्या नेमबाजांना चांगली परिचित आहे. राष्ट्रीय स्पर्धेआधीच्या पात्रता स्पर्धेला नाव आहे ग. वा. मावळंकरांचं. लोकसभेचे पहिले अध्यक्ष असलेले मावळंकर १९५१ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय रायफल संघटनेचे संस्थापक अध्यक्षही होते, हे अनेक नेमबाजांनाही ठाऊक नसतं.

तुम्हाला काय मागता येतं, ते लक्षात ठेवा. तपासणीच्या टेबलावर स्पर्धेआधी ट्रिगरचं वजन करून मिळतं, तेव्हा रांग टाळू नका. पिस्तूल बिघडलं तर गप्प उभं न राहता ते टेबलावर ठेवा, हात वर करा आणि रेंज अधिकाऱ्याला बोलवा. दुरुस्त करता येतं, बदलताही येतं, पण स्वतःच्या पिस्तुलाच्या बिघाडासाठी जादा वेळ मिळत नाही. म्हणून पहिला शॉट लवकर मारून थोडा वेळ हाताशी ठेवा. मॉनिटरवर शॉट दिसलाच नाही तर पुढचा मारण्याआधी तक्रार करा. एकदा पुढचा शॉट गेला की कोणता कुठला, हे सिद्ध करणं कठीण होतं.

२५ मीटरचा विचार असेल तर

हा खेळ वेगळाच. ट्रिगर किमान १००० ग्रॅमचा, म्हणजे दुप्पट. महिलांच्या २५ मीटर स्पोर्ट्स पिस्तुलात पहिले ३० शॉट निवांत, पुढचे ३० वेगाचे: पिस्तूल ४५ अंशात खाली धरायचं, लक्ष्य तीन सेकंदांसाठी मिळतं, तेवढ्यात उचलून एकच शॉट. इथे वाट बघायला वेळ नाही. हात वर येतानाच दाब सुरू करावा लागतो. तरीही बोट सरळच मागे गेलं पाहिजे.

कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत पालेम्बांग इथे याच प्रकारात सुवर्णपदक मिळवलं. थायलंडच्या नफस्वान यांगपायबूनशी ३४-३४ अशी बरोबरी झाली, पहिला शूट-ऑफही बरोबरीत सुटला आणि दुसऱ्यात निकाल लागला. आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणारी ती पहिली भारतीय महिला नेमबाज. तिचे अंतिम फेरीचे व्हिडिओ बघताना लक्ष्य विसरा आणि हात वर येताना बोट काय करतं, ते बघा.

२५ मीटरचं .२२ पिस्तूल मात्र अग्निशस्त्र आहे, परवान्याशिवाय ते बाळगता येत नाही. सर्वसाधारण परवान्यासाठी वय २१ पूर्ण लागतं. त्याखालच्या नेमबाजांसाठी प्रशिक्षणापुरत्या वेगळ्या तरतुदी आहेत, त्या क्लबकडून लेखी समजून घ्या. वसई-विरार महापालिका हद्दीत राहणाऱ्यांनी अर्ज मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालयाकडे करायचा. २०२० मध्ये हे आयुक्तालय सुरू झाल्यापासून इथला परवाना जिल्हाधिकाऱ्यांकडून मिळत नाही. सफाळे, पालघर, डहाणूकडच्यांसाठी जिल्हाधिकारी कार्यालय. अर्जासोबत क्लबचं सदस्यत्व आणि स्पर्धांची प्रमाणपत्रं जोडावी लागतात, म्हणून एअर पिस्तुलाच्या पहिल्या स्पर्धेपासूनचे सगळे कागद एका फाइलमध्ये ठेवायला लागा.